एका काउंटीची दोन न्यायालये आणि एक मतदार यादी

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात टॅलहॅची नावाची एक काउंटी आहे. आपल्याकडच्या जिल्ह्याच्या मानाने ती फारच लहान; आज तिची लोकसंख्या १२-१३ हजारांच्या आसपास भरते. तरीही या काउंटीला मुख्य ठिकाणे दोन आहेत. पूर्वेकडच्या टेकड्यांच्या भागासाठी चार्ल्सटन, आणि पश्चिमेकडच्या सपाट, गाळाच्या, कापूस पिकवणाऱ्या भागासाठी समनर. समनरच्या न्यायालयात सप्टेंबर १९५५ मध्ये एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाचा खटला चालला आणि त्याला मारणारे दोघे गोरे इसम निर्दोष ठरून बाहेर पडले. या इमारतीचे पुढे काय करावे, ती जपावी की नव्या सोयीच्या इमारतीसाठी सोडून द्यावी, तिचे संग्रहालय करावे की तिथे न्यायदान चालू ठेवावे, हा प्रश्न त्या काउंटीला बरीच वर्षे पडलेला होता. माझे मत असे की ती इमारत जपलीच पाहिजे, तिच्यात न्यायालयही चालू राहिले पाहिजे, आणि तिथे येणाऱ्याला त्या खटल्याच्या निकालाबरोबरच तो निकाल ज्या यादीतून जन्मला ती यादीही दाखवली गेली पाहिजे.

हे मत मांडण्यापूर्वी अमेरिकेतल्या काउंटीचे न्यायालय म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या मनातल्या ‘कोर्टा’पेक्षा ती वस्तू मोठी आहे. जमिनीचे दस्त तिथेच नोंदवले जातात, विवाहाचे परवाने तिथेच मिळतात, कर तिथेच भरला जातो आणि मतदारांची नोंदणीही तिथल्याच लिपिकाकडे होते. तहसील कचेरी, दुय्यम निबंधकाचे कार्यालय आणि दिवाणी-फौजदारी न्यायालय ही तिन्ही एका छपराखाली आणावीत, तसे ते ठिकाण असते. म्हणून अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत ते गावाच्या मध्यभागी, चौकात, चारी बाजूंनी मोकळी हिरवळ सोडून बांधलेले दिसते. सामान्य माणसाला सरकार म्हणून जे काही भेटते, ते त्याच पायऱ्यांवर.

टॅलहॅची काउंटी १८३३ मध्ये स्थापन झाली. त्याआधी ही भूमी चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांची होती. १८३० च्या तहाने ती त्यांच्याकडून काढून घेण्यात आली आणि नंतर तिचे तुकडे पाडून काउंट्या आखल्या गेल्या. दोन मुख्य ठिकाणे असण्यामागचे कारण साधे होते. मधून नदी वाहते, पावसाळ्यात रस्ते चिखलात बुडत, आणि पलीकडच्या शेतकऱ्याला न्यायालयात येऊन त्याच दिवशी घरी परतता येत नसे. मिसिसिपीत अशा दोन मुख्य ठिकाणांच्या दहा काउंट्या आहेत. लोकांना न्यायापर्यंत चालत किंवा घोड्यावरून पोहोचता यावे, म्हणून सरकारने न्यायालयच लोकांच्या जवळ नेले, ही कल्पना मुळात चांगली होती. फक्त त्या ‘लोकां’मध्ये कोणाची गणना होत होती, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही.

समनरची आजची इमारत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. विटांच्या जाड भिंती, अर्धवर्तुळाकार कमानी, कोपऱ्यावर मनोरा. ही शैली हेन्री हॉब्सन रिचर्डसन या वास्तुकाराच्या नावाने ओळखली जाते. पिट्सबर्ग शहरातले ॲलेगनी काउंटीचे प्रचंड दगडी न्यायालय हे त्याचे सर्वात गाजलेले काम. १८८८ मध्ये ते पुरे झाले, त्याच्या दोन वर्षे आधीच तो वारला होता. पण त्या इमारतीचा ठसा पुढची तीस वर्षे देशभरच्या काउंट्यांनी उचलला. समनरची वास्तू त्या घराण्यातली धाकटी, खेड्यात वाढलेली भावंड म्हणावी अशी आहे. अशा इमारती बांधणाऱ्यांना एकच गोष्ट सांगायची होती: इथे जे ठरेल ते भक्कम असेल, कोणाच्या लहरीवर हलणार नाही. आपण न्यायालयाच्या वास्तूकडे पाहताना हा दावा लक्षात ठेवला पाहिजे, कारण पुढे जे घडले ते या दाव्यासमोर ठेवूनच तोलायचे आहे.

एमेट टिल शिकागोचा. १९५५ च्या उन्हाळ्यात तो आईच्या मावशीच्या यजमानांकडे, मोझ राइट यांच्याकडे, मिसिसिपीत सुटीला आला होता. मनी नावाच्या वस्तीतल्या एका दुकानात, दुकान सांभाळणाऱ्या गोऱ्या बाईशी तो अदबीने वागला नाही, असा आरोप झाला. २८ ऑगस्टच्या पहाटे त्या बाईचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी त्याला राइट यांच्या घरातून उचलून नेले. ३१ ऑगस्टला त्याचा छिन्नविच्छिन्न मृतदेह टॅलहॅची नदीत सापडला. गळ्याला काटेरी तारेने जिनिंगचा अवजड लोखंडी पंखा बांधलेला होता. वऱ्हाड-खानदेशातल्या वाचकाला जिनिंग म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. जो कापूस त्या मुलुखाचा सगळा व्यवहार चालवत होता, त्याच्याच यंत्राचा भाग एका मुलाला नदीच्या तळाशी ठेवण्यासाठी वापरला गेला.

अपहरण शेजारच्या लेफ्लोर काउंटीत झाले होते. मारहाण आणि खून सनफ्लॉवर काउंटीतल्या एका कोठारात झाला, असे पुढे स्पष्ट झाले. पण मृतदेह टॅलहॅचीच्या हद्दीत सापडला म्हणून खटला समनरला आला. काउंटीचे शेरीफ, म्हणजे पोलीस प्रमुख, एच. सी. स्ट्रायडर यांनी मृत्यूच्या दाखल्यावर त्या मुलाचे नाव लिहून मृतदेह शिकागोला जाऊ दिला. आणि नंतर याच शेरीफने बचाव पक्षातर्फे साक्ष दिली की देह इतका कुजला होता की तो गोऱ्याचा की काळ्याचा हेही सांगता येत नव्हते. आई मेमी टिल शिकागोहून आल्या आणि हा माझाच मुलगा, असे त्यांनी शपथेवर सांगितले. मोझ राइट यांनी साक्षीच्या खुर्चीतून उभे राहून आरोपींकडे बोट दाखवले. गोऱ्या माणसाविरुद्ध त्या मुलुखात त्या काळी अशी साक्ष देणे म्हणजे जिवाशी खेळ होता. राइट यांना त्यानंतर शेतातले पीक टाकून मिसिसिपी सोडावे लागले.

मला या खटल्यातली सर्वात विचार करायला लावणारी गोष्ट निकाल ही वाटत नाही. न्यायमूर्ती कर्टिस स्वँगो यांनी कामकाज नीट चालवले, हे त्या वेळी तिथे आलेल्या बाहेरच्या बातमीदारांनीही मान्य केले. सरकारी वकिलांनी कसून बाजू मांडली. साक्षीदारांना शपथा दिल्या गेल्या, उलटतपासण्या झाल्या, हरकती नोंदवल्या गेल्या. बाहेरून पाहता न्यायाचे सगळे विधी यथासांग पार पडले. डेट्रॉइटचे अमेरिकी संसदेतले कृष्णवर्णीय सदस्य चार्ल्स डिग्ज यांना आणि कृष्णवर्णीय वार्ताहरांना एका कोपऱ्यातल्या लहानशा टेबलाशी बसवण्यात आले, एवढा अपमान सोडला तर त्या दालनातली रीत कुठल्याही न्यायालयासारखीच होती. आणि तरी १२ गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने ६७ मिनिटांत दोघांना सोडून दिले. मध्ये थंड पेय प्यायला थांबलो नसतो तर एवढा वेळही लागला नसता, असे त्यांच्यापैकी एकाने सांगितल्याचे त्या वेळी छापून आले.

ज्युरीत १२ गोरे पुरुषच का होते? हा प्रश्न विचारला की माणूस न्यायदालनातून उतरून तळमजल्यावरच्या कचेरीत येतो. मिसिसिपीत ज्युरीची नावे नोंदणी झालेल्या मतदारांतून काढली जात. त्या वेळी टॅलहॅची काउंटीत सुमारे ६३ टक्के लोक कृष्णवर्णीय होते, आणि त्यांच्यापैकी एकाचेही नाव मतदार यादीत नव्हते. १८९० च्या राज्यघटनेने मतदानासाठी डोईपट्टी लावली होती, आणि अर्जदाराला राज्यघटनेतले एखादे कलम वाचून किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगता आला पाहिजे, अशी अट घातली होती. अर्थ बरोबर सांगितला की चूक, हे ठरवणारा माणूस म्हणजे काउंटीच्या कचेरीतला लिपिक. स्त्रिया तर १९६८ पर्यंत त्या राज्यात ज्युरीवर बसूच शकत नव्हत्या. कायद्याने कृष्णवर्णीयांना ज्युरीतून वगळणे घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियाच्या एका खटल्यात १८८० मध्येच दिला होता. त्यामुळे वगळण्याचा कायदा लिहिण्याची गरजच उरली नव्हती. यादीत नाव येऊ दिले नाही की पुढचे सगळे आपोआप घडत होते.

म्हणजे २३ सप्टेंबर १९५५ चा निकाल वरच्या मजल्यावर वाचला गेला खरा, पण तो ठरला होता मतदार नोंदणीच्या खिडकीशी, आधीच्या ६५ वर्षांत, एकेक अर्ज नाकारला जात असताना. ही इमारत जपली पाहिजे असे मी म्हणतो त्याचे पहिले कारण हेच. एका छपराखाली ती खिडकी आणि ते ज्युरीचे कठडे पाहिल्याशिवाय अन्यायाची ही रचना डोळ्यांत भरत नाही. पुस्तकात हे वाचता येते. पण खालच्या कचेरीतून जिना चढून वरच्या दालनात पोहोचायला किती थोडी पावले लागतात, हे तिथे उभे राहिल्यावरच कळू शकते.

पुढचा इतिहास थोडक्यात. दोघा आरोपींनी काही महिन्यांतच, जानेवारी १९५६ मध्ये, एका मासिकाला पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. एकदा निर्दोष ठरलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही, म्हणून त्यांचे काहीच वाकडे झाले नाही. लेफ्लोर काउंटीच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरावा की नाही हे आधी ठरवणाऱ्या ज्युरीने, अपहरणाचा आरोपही ठेवू दिला नाही. समनर गावाच्या वेशीवर त्या काळी ‘मुलगा वाढवायला चांगले ठिकाण’ अशा अर्थाची पाटी होती, हे सांगितले की तिथल्या लोकांना पुढे त्या गोष्टीबद्दल बोलणे किती अवघड झाले असेल याची कल्पना येते. जवळजवळ ५० वर्षे गावाने हा विषय मिटून ठेवला.

मौन मोडले ते काउंटीच्या मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष जेरोम लिटल यांच्या पुढाकाराने. एक स्मारक समिती नेमली गेली, तिच्यात गोरे आणि कृष्णवर्णीय असे दोन्ही सदस्य घेतले गेले, आणि ऑक्टोबर २००७ मध्ये न्यायालयासमोर टिल कुटुंबीयांच्या उपस्थितीत एक निवेदन वाचले गेले. खटला म्हणजे न्यायाची भयंकर पायमल्ली होती, हे त्यात स्पष्ट शब्दांत मान्य केले होते. त्यानंतर इमारतीचा जीर्णोद्धार झाला आणि मधल्या काळात रूप बदललेले न्यायदालन पुन्हा १९५५ मध्ये होते तसे करण्यात आले. २५ जुलै २०२३ रोजी, एमेट टिलच्या ८२ व्या जन्मदिनी, राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी हे न्यायालय, नदीकाठची जागा आणि शिकागोतले अंत्यविधीचे चर्च मिळून एक राष्ट्रीय स्मारक घोषित केले.

या सगळ्यावर घेतले जाणारे आक्षेप मी हलके समजत नाही. काउंटी गरीब आहे. दवाखाना, शाळा, पिण्याचे पाणी यांना पैसा कमी पडत असताना जुन्या विटा जपण्यावर खर्च का, असे एखाद्या रहिवाशाने विचारले तर त्याला इतिहासाचे महत्त्व सांगून गप्प करणे उद्धटपणाचे होईल. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: ज्या इमारतीने आपल्या आजोबांचा अर्ज नाकारला, तीच इमारत आता सजवून पर्यटकांना दाखवायची, यात त्या समाजाच्या दुःखाचा बाजार होत नाही का? आणि तिसरे, समितीतल्या काही गोऱ्या सदस्यांना मुख्य काळजी टिलची नव्हती, पडायला आलेल्या कोर्टाची होती, असेही बोलले गेले आहे.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. हेतू मिसळलेले असणारच. इमारत वाचवण्यासाठी पैसा हवा होता, पैसा मिळण्यासाठी खटल्याचे नाव घ्यावे लागले, आणि नाव घेण्यासाठी आधी सत्य मान्य करावे लागले. एखाद्याच्या मनात विटांचेच प्रेम असले तरी त्याला त्या वाटेने सत्यापाशी यावे लागले, हे मला पुरेसे वाटते. पैशाच्या आक्षेपाला उत्तर असे की न्यायालयाची इमारत काउंटीला कुठे तरी हवीच आहे. जुन्या इमारतीत कामकाज चालू ठेवले तर जतनाचा खर्च हा रोजच्या वापराचाही खर्च ठरतो. फक्त संग्रहालय केले, तर मात्र तो आक्षेप खरा होईल. दुःखाच्या बाजाराचा धोका मला सर्वात गंभीर वाटतो, आणि त्यावरही उपाय हाच आहे की तिथे आजचे न्यायदान चालू असावे. पर्यटक ज्या बाकावर बसून १९५५ ची गोष्ट ऐकतो, त्याच बाकावर दुसऱ्या दिवशी त्याच काउंटीतले कोणी तरी आपल्या खटल्यासाठी बसते. तेव्हा ती जागा केवळ पाहण्याची राहत नाही. आजच्या न्यायाधीशाला, आजच्या वकिलाला आणि आजच्या ज्युरीला तिथे आपले काम त्या आठवणीच्या साक्षीने करावे लागते.

जपण्याच्या या आग्रहाला मी एक मर्यादा घालतो. न्यायालयाच्या हिरवळीवर १९१३ मध्ये गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकांचा पुतळा उभारण्यात आला. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले होते. म्हणजे हा पुतळा युद्धानंतर जवळजवळ ५० वर्षांनी, कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला गेल्यानंतर, न्यायालयाच्या दारात आला. २००७ मध्ये निवेदन वाचले गेले तेव्हाही तो तिथेच होता. इमारत जपायची तर पुतळाही जपा, दोन्ही इतिहासच आहेत, असा युक्तिवाद केला जातो. मला तो पटत नाही. इमारत घडलेल्या गोष्टीची साक्षीदार आहे. पुतळा ही एका बाजूने केलेली घोषणा आहे. न्याय मागायला येणाऱ्याला पायरी चढण्याआधीच ही जागा कोणाची आहे हे सांगण्यासाठी तो उभारला गेला. त्याची जागा जिथे तो कधी, कोणी आणि का उभारला हे शेजारी लिहिता येईल अशा ठिकाणी आहे, न्यायालयाच्या दारात नाही.

मराठी वाचकाला हे सगळे दूरचे वाटू नये, असा एक दाखला मुंबईतच आहे. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यासमोर चालला. आरोप ‘केसरी’तल्या मराठी लेखांवरून होता, आणि ज्युरीत सात युरोपीय व दोन पारशी होते. मराठी न जाणणाऱ्यांनी मराठी लेखांचा निवाडा करू नये, हा टिळकांचा आक्षेप मानला गेला नाही. सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. आणि टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. तिथेही निकाल ठरला तो ज्युरी ज्या यादीतून निवडली गेली त्या यादीत. पण १९५६ मध्ये, समनरच्या खटल्याला वर्षही झाले नव्हते तेव्हा, मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी त्याच न्यायालयात, त्याच दालनाबाहेर, टिळकांचे निकालानंतरचे शब्द कोरलेली संगमरवरी शिला बसवली. न्यायालयाने स्वतःच्या भिंतीवर स्वतःची चूक लिहून ठेवण्याचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. आज मुंबई उच्च न्यायालयासाठी वांद्र्याला नवे संकुल उभारण्याचे ठरले आहे. जागेची टंचाई खरी आहे, नव्या इमारतीची गरज कोणी नाकारू नये. मात्र १८७८ मध्ये पुऱ्या झालेल्या फोर्टातल्या इमारतीतून सगळेच कामकाज निघून गेले, तर ती शिला वाचत रोज दालनात शिरणारे वकील आणि न्यायाधीश तिथे उरणार नाहीत. निदान ते एक दालन तरी चालते ठेवावे.

पुन्हा मिसिसिपीकडे येतो, कारण जतनाची चर्चा भिंतींपाशी थांबते आणि कागद मागे पडतात. समनरच्या खटल्याच्या कामकाजाची मूळ नोंद गहाळ झाली होती. २००४ मध्ये संघराज्याच्या तपास यंत्रणेने प्रकरण पुन्हा उघडले तेव्हा तिची एक प्रत शोधून काढावी लागली. गळ्याला बांधलेला तो लोखंडी पंखा तर आज कुठेच नाही. आणि जून २०२२ मध्ये लेफ्लोर काउंटीच्या न्यायालयाच्या तळघरात, एका खोक्यात, २९ ऑगस्ट १९५५ चे एक अटक वॉरंट सापडले. ते दुकानातल्या त्या गोऱ्या बाईच्या, कॅरोलिन ब्रायंट यांच्या नावाचे होते आणि कधीच बजावले गेले नव्हते. ६७ वर्षे तो कागद सरकारी इमारतीत पडून होता. ऑगस्टमध्ये ग्रँड ज्युरीने त्यांच्यावर आरोप ठेवण्यास नकार दिला आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्या बाई वारल्या.

म्हणून समनरच्या जीर्णोद्धारात मला एकच भर घालावीशी वाटते. वरचे दालन १९५५ सारखे केले, त्यातले बाक, कठडे, खुर्च्या जशाच्या तशा मांडल्या, हे उत्तम झाले. आता तळमजल्यावर, जिन्याच्या पायथ्याशी, त्या वर्षाची मतदार नोंदणीची माहिती मांडावी: काउंटीत किती लोक होते, यादीत किती होते, कोणत्या कलमाखाली अर्ज नाकारले जात, त्या १२ जणांची नावे कोणत्या पद्धतीने निघाली. आणि तिच्या शेजारी, दरवर्षी नव्याने, आजच्या ज्युरीच्या यादीत कोण आहेत आणि कोण राहून गेले आहेत, हेही लावावे, म्हणजे ज्युरीसाठी बोलावणे आलेला माणूस वर जाताना दोन्ही याद्या वाचून जाईल.